सिंगापूरची एक रात्र



बँकेत आम्ही तिघे एकाच दिवशी लागलो. गेल्या वर्षी आम्ही दोघे सिंगापूरला फिरायला गेलो. तिसरा तिथेच मुलाकडे असतो. वहिनी गेल्यापासून त्याने बाहेर पडणेच सोडले होते. फोन केला तर म्हणाला, "पाय दुखतात रे, तुम्हीच फिरा." आम्ही थोडेच ऐकतोय! सरळ जाऊन दाराची बेल वाजवली.

त्याला 'लाऊ पा सात' या १८९४ सालच्या जुन्या बाजारात नेले. संध्याकाळी शेजारचा रस्ता गाड्यांना बंद करतात आणि तिथेच टेबले मांडतात. कोळशावर काडीला लावलेले मांसाचे तुकडे भाजतात. त्याला म्हणतात साते. सोबत शेंगदाण्याची दाट चटणी. मी शाकाहारी, माझ्या वाट्याला काकडी आणि नारळपाणी!

गप्पा मात्र आपल्याच. लेजरमधला आठ आण्यांचा फरक शोधत रात्री अकरापर्यंत बसलो होतो, ते आठवले आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग पायीच पाण्याकाठच्या मर्लायनच्या पुतळ्यापर्यंत गेलो. तिथे तो हळूच म्हणाला, "सहा महिन्यांनी आज पोटभर बोललो रे." शेवटची मेट्रो गाठताना तोच आमच्या पुढे होता!

मंडळी, सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. आपल्याकडेही काही दारे हल्ली बंदच असतात. आतला माणूस 'नको' म्हणेल. तरीही बेल वाजवा.