मुंगसाने धरलेली कोंबडी
(शिबिरातलं बोलणं)

बायांनो, भावांनो, कोंबडी म्हणजे आपली हाताशी असलेली रोकड. दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला जायचं तर तीच विकतो. म्हणून मुंगसाने फाडली की लगेच कापायची घाई नको.

आधी तिला डालग्याखाली वेगळी ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या टोचून मारतात. स्वच्छ फडकं 5 मिनिटं दाबून धरा. जखमेभोवतीची पिसं कापा. 1 लिटर पाणी उकळून गार करा, दीड छोटा चमचा मीठ घालून जखम धुवा, वर हळद लावा. रॉकेल, फिनेल नको, मांस जळतं. माशी बसू देऊ नका. अळ्या दिसल्या तर चिमट्याने काढा. पाणी पाजत राहा.

फाटलेली कातडी भरून येते. आतडी बाहेर आली असतील तर मात्र जिवाला तळमळत ठेवू नका.