गाडी गॅरेजात, माणूस रस्त्यावर



वसंतातल्या व्याख्यानांचा पायंडा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 साली पुण्यात पाडला. रानडे न्यायखात्यातले होते. तेव्हा या मांडवात आम्ही कायद्याचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडू नये. विषय मात्र साधा आहे. अपघातात आपली गाडी मोडते, ती गॅरेजात पडते आणि आपले हिंडणे-फिरणे काही थांबत नाही. त्या दिवसांत दुसरे वाहन भाड्याने घ्यावे लागते. हे भाडे कोणी सोसायचे? आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले आहे : "नशीब!" आमच्या मते नशिबाच्या खात्यावर इतकी रक्कम लिहिण्याचे कारण नाही.

शिरूर अनंतपाळात रेल्वे नाही. एस. टी. आहे, पण ती तिच्या वेळेने येते. आपल्या अडचणीच्या वेळी येईलच असे नाही. दुधाचे कॅन, मोंढ्यावर न्यायची तूर, सोयाबीन, उदगीरला किंवा लातूरला दाखवायचा रोगी, ही सगळी ओझी छोट्या टेंपोवर, जीपवर, नाही तर मोटारसायकलवर चालतात. अशा घरातले एकुलते एक वाहन पंधरा-वीस दिवस उभे राहिले, की दुरुस्तीच्या खर्चाइतकाच दुसरा खर्च हळूहळू साचतो. दुरुस्तीचे बिल एका कागदावर असते म्हणून ते दिसते. भाड्याचा खर्च रोज शे-पाचशेने खिशातून जातो, म्हणून तो दिसत नाही.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. पुष्कळांना वाटते, आपण 'फुल्ल' विमा उतरवला आहे, तेव्हा हेही कंपनीच देईल. देत नाही. खाजगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्यातच लिहिलेले असते की अपघाताच्या परिणामाने होणारे पुढचे नुकसान कंपनी भरणार नाही. पत्रा, काच, दिवा यांचे पैसे ती देईल, तेही घसारा वजा करून. मोडकी गाडी ओढून नेण्यासाठी नेहमीच्या पॉलिसीत 1,500 रुपयांपर्यंत सोय असते. पण गाडीविना काढलेल्या दिवसांचे काही मिळत नाही. त्यासाठी दैनिक भत्त्याचे वेगळे कलम जादा हप्ता भरून घ्यावे लागते, आणि त्यातही किती दिवस व दिवसाला किती हे ठरलेले असते. ते कलम आपल्या कागदात आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर पाहावे. एजंटाच्या तोंडच्या 'सगळे येते' या शब्दांवर विसंबू नये.

मग मागायचे कोणाकडे? ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याच्याकडे. दुसऱ्याच्या हयगयीने आपले नुकसान झाले तर ते भरून मागण्याचा जो कायदा आहे, तो आपल्या देशात कोणत्याही एका अधिनियमात बांधलेला नाही. इंग्रजी न्यायालयांनी घडवलेली तत्त्वे न्याय, समता आणि सद्विवेक यांना धरून आपल्याकडे आली. म्हणून घटकाभर आम्ही तुम्हांला घरणी नदीच्या काठावरून समुद्रावर नेणार आहोत. या विषयातले मोठे निकाल मोटारींचे नाहीत, जहाजांचे आहेत.

पहिला निकाल 1900 सालचा, 'मीडियाना' या जहाजाचा. त्याने इंग्लंडातल्या मर्सी नदीच्या बंदर-मंडळाच्या दीपनौकेला धडक दिली. मंडळाने अशा प्रसंगासाठी दुसरी नौका आधीच राखून ठेवली होती. तीच उभी केली, भाडे पडले नाही. प्रतिपक्ष म्हणाला, खर्चच झाला नाही, तर भरपाई कसली? हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मानले नाही. लॉर्ड हॉल्सबरी यांनी दिलेला दाखला आपल्या ओसरीवरही पटेल. माझ्या घरातली खुर्ची कोणी वर्षभर उचलून नेली आणि वर म्हणाला, की तुमच्याकडे खुर्च्या पुष्कळ आहेत, या खुर्चीवर तुम्ही फारसे बसतही नव्हता, तर त्याची जबाबदारी कमी होते काय? नाही. वस्तू वापरता न येणे हेच एक नुकसान आहे.

दुसरा निकाल अधिक बोचणारा आहे. 1928 साली ग्रीसच्या पात्रास बंदरात 'लीसबॉश' नावाचे गाळ काढणारे जहाज 'एडिसन' या आगबोटीच्या चुकीने बुडाले. मालकांनी बंदराचे काम अंगावर घेतलेले होते, मुदत ठरलेली होती. नवे जहाज घेण्याइतका पैसा हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी 'अ‍ॅड्रिया' नावाचे महागडे जहाज भाड्याने आणले. 1933 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले, की जहाजाची किंमत आणि दुसरे जहाज कामाला लागेपर्यंतचे रास्त नुकसान मिळेल. पण पैसा नव्हता म्हणून जो जादा खर्च झाला तो मिळणार नाही. ते दारिद्र्य तुमचे, अपघाताचे नव्हे! सावकाराच्या दारात उभे राहिलेल्या कोणालाही यातला अन्याय समजावून सांगावा लागणार नाही. श्रीमंताची गाडी मोडली तर तो दुसऱ्या दिवशी दुसरी काढतो. गरीब मात्र उधारीवर, मागेल त्या दराने वाहन घेतो, आणि त्याला मिळणारी भरपाई श्रीमंताच्या मापाने मोजली जाते.

हा दंडक सत्तर वर्षे उभा राहिला. 2003 साली त्याच सभागृहापुढे एका बेकार माणसाचे प्रकरण आले. त्याची दहा वर्षांची जुनी मोटार उभी असताना दुसऱ्या गाडीने ठोकरली. रोखीने भाडे भरण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने उधारीवर मोटार देणाऱ्या संस्थेकडून गाडी घेतली. तिचा दर साध्या भाड्यापेक्षा जास्त होता. न्यायाधीशांनी सांगितले, की ज्याला दुसरा मार्गच नव्हता त्याला तो जादा खर्चही मिळाला पाहिजे, आणि जुना दंडक आता धरू नये. हे निकाल आपल्या न्यायालयांना बांधून टाकणारे नाहीत, पण त्यांतला युक्तिवाद वकिलाला आपल्या प्रकरणात मांडता येतो.

आता समुद्रावरून परत येऊ. मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे 1956 च्या दुरुस्तीने आली. 1969 च्या दुरुस्तीने तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचे नुकसानही त्यांच्या कक्षेत आले. आजचा कायदा 1988 चा आहे. पूर्वी अपघात जिथे झाला तिथल्या न्यायाधिकरणाकडे धावावे लागे. 1994 च्या दुरुस्तीनंतर अर्जदार जिथे राहतो तिथेही अर्ज चालतो. म्हणजे गाडी पुण्याजवळ ठोकरली गेली तरी शिरूरच्या माणसाला आपल्या लातूर जिल्ह्यात अर्ज करता येतो. ही सवलत फार थोड्यांना ठाऊक आहे. मुदतीकडे मात्र लक्ष असावे : 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. पोळ्याला झालेल्या अपघाताचा अर्ज 'पुढच्या पाडव्याला पाहू' म्हणून ठेवू नये.

अर्जात समोरच्या गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी तिघांनाही सामनेवाले करावे. कारण कंपनी हमखास म्हणते, की आम्ही मोडक्या पत्र्याचे देणे लागतो, तुमच्या भाड्याचे नाही. ही हरकत टिकली तरी चूक करणाऱ्याची जबाबदारी उरतेच. दुसरे असे, की मोटारीच्या पॉलिसीत तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेची जबाबदारी साडेसात लाखांपर्यंत घेता येते. पण थोडा हप्ता वाचवायला काही मालक ती 6,000 रुपयांवर आणून ठेवतात. सहा हजारांत आज काय येते हे गॅरेजवाल्याला विचारावे. वरची रक्कम मालकाच्याच अंगावर पडते. समोरच्याची पॉलिसी कोणती हे तो सांगत नसेल, तर कायद्याच्या 160 व्या कलमाप्रमाणे परिवहन कार्यालयाने किंवा पोलिसांनी ती माहिती दिली पाहिजे.

हिशोबाकडे वळू; बहुतेक दावे इथेच लंगडे पडतात. धरून चला, दुधाचा टेंपो मोडला आणि वीस दिवस गॅरेजात राहिला. बदली टेंपो दिवसाला 1,500 रुपयांनी घेतला, डिझेल धरून. म्हणून 30,000 मागावे काय? नाही. पहिले चार दिवस गाडी घराच्या अंगणातच उभी होती, कारण मालकाला लग्नाला जायचे होते. ते दिवस वजा. उरले 16, आणि भाडे 24,000. शिवाय स्वतःचा टेंपो चालता तर दिवसाला 400 रुपयांचे डिझेल लागलेच असते. ते 6,400 वजा करून मागणी 17,600 ची. असा स्वतःच छाटलेला आकडा न्यायाधीशापुढे उभा राहतो. फुगवलेला आकडा सगळ्या दाव्यालाच संशयात ओढतो. वाहनही तोलामोलाचे असावे. टेंपोच्या जागी टेंपो. आलिशान मोटार नव्हे.

पुरावा कशाचा? गॅरेजने गाडी घेतल्याची व परत दिल्याची तारीख लेखी हवी. सुट्या भागांसाठी थांबावे लागले तर तेही त्याने लिहून द्यावे. भाड्याची पावती हवी आणि तिच्यावर गाडीचा क्रमांक हवा. इथे एक अडचण आहे. आपल्याकडे पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या सर्रास भाड्याने धावतात. त्यांना भाडे घेण्याचा परवाना नसतो, म्हणून त्यांचा मालक पावती देत नाही, आणि दिली तरी समोरचा वकील तिच्यावर बोट ठेवतो. परवान्याची पिवळ्या पाटीची गाडी घ्यावी, रक्कम शक्यतो बँकेतून किंवा मोबाईलवरून द्यावी. सोयऱ्याची गाडी आणली तर जेवढे प्रत्यक्ष दिले तेवढेच मागावे. मेव्हण्याला नुसते डिझेल भरून दिले असेल, तर डिझेलाची पावती. काळीपिवळीतून फिरलात तर तिकीट मिळत नाही. रोजच्या तारखेने वहीत नोंद ठेवावी. त्या-त्या दिवशी लिहिलेली वही साक्षीत पुष्कळ काम करते, सहा महिन्यांनी एका बैठकीत लिहिलेली करत नाही. शाईवरून ते कळतेही.

आणखी एका कागदाला जपावे. दुरुस्तीचे पैसे देताना 'पूर्ण व अंतिम समाधान झाले' अशा मजकुरावर सही घेतात. रस्त्यावर, चार माणसांच्या मध्यस्थीने तडजोड होते तिथेही तेच. तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध येतो. सही करण्यापूर्वी 'फक्त गाडीच्या दुरुस्तीपुरते' एवढे शब्द आपल्या हाताने लिहावेत. तडजोड वाईट असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा तीच शहाणपणाची असते. पण तडजोडीला बसताना भाड्याचा आकडा खिशात असावा. आमच्या पाहण्यात बहुतेक बैठकांत पत्र्यावर घासाघीस होते आणि भाड्याचा शब्दही निघत नाही.

माणूस जखमी झाला असेल तर प्रश्न थोडा सोपा होतो. 2010 सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने जखमी माणसाला मिळायच्या भरपाईचे प्रकार सांगितले. त्यांत औषधोपचार, इस्पितळ आणि सकस आहार यांच्याबरोबर वाहतुकीचा खर्चही आहे. लातूरच्या दवाखान्यात दर आठवड्याला पट्टी बदलायला जाणे, त्यासाठी केलेली जीप, हे सगळे त्यात येते. दवाखान्याच्या कागदावरच्या तारखा आणि प्रवासाच्या पावत्यांवरच्या तारखा जुळल्या पाहिजेत, एवढेच.

अशा हिशोबाचा एक नमुना आम्ही कागदावर आखून आणला आहे : तारीख, कोठून कोठे, कशासाठी, गाडीचा क्रमांक, दिलेली रक्कम, पावती आहे की नाही. तो व्यासपीठाच्या उजव्या बाजूच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी जाताना उतरवून घ्यावा.