तळ आणि त्याचा शेजार



बीडकरांपुढे समुद्राविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहावी लागते, जेथे रेल्वेच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी येऊन पोहोचली, तेथे जहाजांची आणि किनाऱ्याची गोष्ट कोणी कशाला ऐकावी? परंतु पहाटे बार्शी नाक्याकडे फेरी मारावी. धावण्याचा सराव करणारी मुले दिसतील. कोणी पोलिसांत जाणार, कोणी सैन्यात, तर कोणी तटरक्षक दलात. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन, कोयता बांधून, परमुलखात ऊस तोडावयास जातात. आम्ही ह्याच माणसांत काम करतो. त्यांची मुले ज्या भिंतीच्या आत जाणार, त्या भिंतीच्या आत काय असते आणि बाहेर काय असते, हा प्रश्न म्हणूनच आमच्या कामाचा आहे.

प्रथम तटरक्षक दलाविषयी दोन शब्द. सत्तरच्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची व घड्याळांची चोरटी आयात फार वाढली होती. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले. समुद्रातल्या दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर १९७६ च्या कायद्याने आपण हक्क सांगितला. हक्क सांगितला की राखणदार लागतो. रुस्तमजी समितीने वेगळ्या दलाची शिफारस केली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाकडून मिळालेली दोन जुनी जहाजे व पाच गस्ती नौका घेऊन कामाला आरंभ झाला. पुढच्या वर्षी, १९७८ साली, संसदेने कायदा केला. 'वयं रक्षामः' हे ह्या दलाचे ब्रीद. चोरटा व्यापार रोखणे, वादळात सापडलेल्या मच्छिमारांना सोडविणे, समुद्रात सांडलेले तेल आवरणे, ही त्याची रोजची कामे.

ह्या दलाचे पुष्कळसे शिक्षण नौदलाच्याच तळांवर होते. नवे नाविक ओडिशात चिल्का सरोवराकाठी शिकतात. जहाजाच्या यंत्रांचे शिक्षण मिळते ते लोणावळ्याच्या 'शिवाजी' तळावर. तो १९४५ साली सुरू झाला. खंडाळ्याचा घाट चढून, समुद्राहून दोन हजार फूट उंचीवर जहाजाचे इंजिन शिकावयाचे, ही गंमत पाहा. म्हणजे समुद्राचे शिक्षण डोंगरातही होते, आणि बीडचा मुलगा तेथे परका ठरत नाही.

तळ कोठेही असो, त्याला भिंत असते. आत बिगुल, कवायत, वेळापत्रक. बाहेर चहाची टपरी, न्हावी, धोबी, दूधवाला, कंत्राटावरचा झाडूवाला, भाड्याच्या खोल्या आणि शाळा. आतला माणूस वरिष्ठाचा हुकूम मानतो, बाहेरचा पोटाचा. दोघे रोज एकमेकांना पाहतात. पण एकमेकांचे कोण लागतात, हे वेळ आल्याखेरीज कळत नाही. ती वेळ एकदा मुंबईत आली होती.

कुलाब्यात 'तलवार' नावाचा नौदलाचा तळ होता. नावाला जहाज, पण उभा जमिनीवर. तेथे संदेशवहनाचे, म्हणजे तारायंत्राचे व बिनतारी यंत्राचे शिक्षण दिले जाई. शिकलेली, इंग्रजी जाणणारी तरुण पोरे तेथे होती. महायुद्ध संपले होते. जेवण खाण्यालायक नसे, गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार कमी, आणि युद्ध संपल्यामुळे उद्या घरी पाठविणार, मग पुढे काय, ही चिंता. भिंतींवर 'चले जाव' लिहिल्याबद्दल बलाईचंद दत्त ह्या तारखात्यातल्या खलाशाला फेब्रुवारी १९४६ च्या आरंभी अटक झाली. तळाचा प्रमुख कमांडर किंग ह्याने खलाशांना शिव्या दिल्या. त्यांत 'कुल्यांची पोरे' अशीही एक शिवी होती. खलाशांनी रीतसर तक्रारी केल्या. दाद लागली नाही. १८ फेब्रुवारीला त्यांनी जेवण नाकारले आणि काम थांबविले.

दुसऱ्या दिवशी संप जहाजांवर पसरला. मध्यवर्ती संप समिती निवडली गेली. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदनसिंग उपाध्यक्ष, एक मुसलमान आणि एक शीख. मागण्यांत चांगले अन्न व समान वेतन होते, तसेच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणणे हेही होते. पाहता पाहता कराचीपासून कलकत्त्यापर्यंत सुमारे वीस हजार खलाशी त्यात उतरले.

सरकारने बराकींना वेढा घातला, अन्नपाणी तोडले. २१ तारखेला कॅसल बराकींपाशी गोळीबार झाला. तेव्हा मुंबईचे लोक फळे, दूध, पाव, भाज्या घेऊन गेट वे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर आले. दुकानदारांनी व हॉटेलवाल्यांनी हात आखडला नाही. ज्यांना आतल्यांची नावेही ठाऊक नव्हती, त्यांनी आतल्यांना जेवू घातले.

आणि २२ फेब्रुवारीला गिरणगाव बंद झाले. परळ, लालबाग, डिलाईल रोड येथून लाखो कामगार बाहेर पडले. ज्यांना शिवी म्हणून 'कुल्यांची पोरे' म्हटले, त्यांच्यासाठी खरोखरीचे कुली आणि त्यांची पोरे रस्त्यावर उतरली. लष्कर बोलावले गेले. त्या दोन-तीन दिवसांत दोनशेहून अधिक नागरिक गोळ्यांनी मेले. परळच्या कमल दोंदे त्यांतल्याच. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून खलाशांनी २३ तारखेला शरणागती पत्करली. पुढे कित्येकशे खलाशांची नोकरी गेली, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतले गेले नाही. कुलाब्यात आज त्या उठावाचे स्मारक आहे. परळच्या मृतांच्या स्मारकाची मात्र चौकशीच करावी लागते.

आम्ही ही हकीकत सांगतो ती आज कोणी तळावर संप करावा म्हणून नव्हे. ते राज्य परक्यांचे होते. हे आपले आहे. वादळ उठले असता जहाजावर हात वर करून मतदान घेता येत नाही, हे आम्हांला कळते. म्हणूनच घटनेच्या ३३ व्या कलमाने सशस्त्र दलांतल्या माणसांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. गणवेशातल्या माणसाला युनियन करता येत नाही. ठीक आहे. परंतु ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्यासाठी बोलण्याची जबाबदारी कोणाची? 'तलवार'वर संप झाला तो शिस्त कमी होती म्हणून नव्हे. तक्रार ऐकणारा कान नव्हता म्हणून. हा कान स्वतंत्र देशात नागरिकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी व्हावयाचा असतो.

उलट बाजूही तितकीच खरी. तळालाही शेजाऱ्याची गरज लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या मच्छिमार वस्तीपाशी रबरी होडीतून दहा जण उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकले ते वस्तीतल्या माणसांनी. समुद्रात त्यांनी पळविलेली 'कुबेर' हीसुद्धा मासेमारीचीच होडी. त्यानंतर किनाऱ्याच्या रक्षणाची व्यवस्था नव्याने लावली गेली आणि मच्छिमार हे किनाऱ्याचे डोळे आणि कान आहेत, असे सरकारच म्हणू लागले. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला डोळे आणि कान म्हणावयाचे, त्याच्या पोटाचीही विचारपूस करावी. त्याच्या होडीच्या डिझेलचा, जाळ्याचा, बंदरातल्या जागेचा प्रश्न हाही किनाऱ्याच्या रक्षणाचाच प्रश्न आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. साखर कारखानाही एक तळच आहे. त्याला भिंत आहे, भोंगा आहे, आणि भिंतीबाहेर उसाच्या पाचटाच्या कोप्या आहेत. त्या कोप्यांत आपली माणसे राहतात. एका हंगामात अशाच एका तळावर पाण्याचा नळ आतल्या बाजूला होता आणि बायका पहाटे तीनला बाहेर रांग लावीत. शेजारच्या गावाने आपली विहीर खुली केली. कारखान्याने नळ दिला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी. शेजार उभा राहिला की भिंतीला दार पडते, ते असे.

आणि भरतीस निघालेल्या मुलांचे काय? २०२२ पासून सैन्य, नौदल आणि वायुदल ह्यांत अग्निवीर म्हणून चार वर्षांची भरती होते. त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवून घेतात. तटरक्षक दलाची नाविक भरती वेगळी असते. हा फरक फॉर्म भरण्यापूर्वी प्रत्येक घराला ठाऊक असला पाहिजे. पंचविशीच्या आत परत येणारा मुलगा शिस्त शिकून येईल, यंत्र शिकून येईल. त्याला येथे काम नसेल, तर त्याच्या हाती पुन्हा बापाचा कोयता येईल. १९४६ च्या खलाशाची चिंता तीच होती.

म्हणून बीडकरांना आमची विनंती अशी. मुलगा भरती झाला की आपण गावात मिरवणूक काढतो, हार घालतो. ते अवश्य करावे. पण त्यानंतर त्याच्या जेवणाची, पगाराची, परतीची चौकशीही करावी. आमदार-खासदार मते मागावयास येतील तेव्हा रस्त्याबरोबर हाही प्रश्न विचारावा. आणि आपल्या गावच्या शिवारात परमुलखातून कोणी कामकरी येऊन उतरला, तर त्याला पाण्याची जागा दाखवावी. आपली माणसेही कोठेतरी कोणाच्या तरी शिवारात उतरलेली आहेत.