लष्करी मालमोटार आणि तिचा मिस्त्री



न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगाव तिची लेकरे जन्मास आली. अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. मी विद्वान नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण साकीनाक्याच्या एका गॅरेजात, गाडीखाली पाठ टेकून झाले आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात. नंतरचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘लष्करी मालमोटारींची निगा आणि दुरुस्ती’ असे सांगितले. ते ऐकून त्यांचा चेहरा जरा पडला, पण त्यांनी नाही म्हटले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

२६ जानेवारीचे संचलन आपण सारेच पाहतो. रणगाडा आला की मुले उभी राहतात, क्षेपणास्त्र आले की मोठी माणसे टाळ्या वाजवतात. ते क्षेपणास्त्र ज्या गाडीवर बसून आले तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आता श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. अंतर सव्वाचारशे किलोमीटरांच्या आसपास, वाटेत साडेतीन हजार मीटर उंचीवर झोजिला. हिवाळ्यात बर्फाने घाट बंद पडतो, म्हणून वरच्या जवानाचे पीठ, डाळ, इंधन, औषध आणि दारूगोळा उन्हाळ्याच्या महिन्यांतच वर नेऊन साठवावा लागतो. यांतला फार मोठा भाग ट्रकनेच जातो. तो ट्रक वाटेत बसला तर वरच्या चौकीवरचा जवान कितीही शूर असला तरी उपाशी राहील. शौर्यावर आपल्याकडे पुष्कळ व्याख्याने होतात, म्हणून मी आज वंगणावर बोलणार आहे.

आपल्या मुंबईला हा विषय परका नाही. शिवडीला जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातून आणि अमेरिकेतून लष्करी ट्रकांचे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि हिंदुस्थानातल्या अशा कारखान्यांत ते जोडले जात. कुर्ल्याला १९४४ साली प्रीमियर कंपनी निघाली, तिने पुढे डॉज आणि फार्गो ट्रक बांधले. इकडे मालाड-कांदिवलीच्या बाजूला लष्कराचा मोठा आयुध डेपो आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्यांचा लिलाव झाला आणि ‘डिस्पोजल’चा माल गावोगाव पसरला. माझ्या लहानपणीसुद्धा, म्हणजे युद्ध संपून पंचेचाळीस वर्षे होत आली तरी, बंद पडलेली गाडी ओढायला येणारी क्रेन बहुधा अशा जुन्या लष्करी ट्रकाच्या सांगाड्यावर बांधलेली असे. आम्ही पोरे तिला ‘हत्तीण’ म्हणत असू.

परंतु या लिलावी मालाने एक दुखणेही मागे ठेवले. दहा कंपन्यांच्या दहा तऱ्हा. एकीचा नट दुसरीला बसत नाही, एकीचे बेरिंग दुसरीला चालत नाही. आपल्या एसटीने १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडली तेव्हा तिच्या ताफ्यातही शेवरोले, फोर्डसन, बेडफर्ड, स्टुडबेकर अशी नाना बनावटींची खिचडी होती. सैन्याची अवस्था निराळी नव्हती. सुटा भाग परदेशातून येईना, मग मिस्त्री काय करणार? उभी असलेली एक गाडी मोडायची आणि तिच्या अवयवांवर दुसरी चालवायची. चार गाड्यांच्या कागदी हिशेबात चालत्या गाड्या दोनच.

यावर उपाय म्हणून १९५९ साली जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात ‘शक्तिमान’ जन्मास आला. आराखडा जर्मनीच्या मान कंपनीचा, परवाना तिचाच, पण गाडी आपल्या सरकारी कारखान्यात बांधायची. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. त्यांच्यावर टीकाही झाली की तोफांच्या कारखान्यात ट्रक आणि कॉफीची भांडी कसली बनवता! मेनन यांचे राजकारण कोणास पटो वा न पटो, ट्रकाच्या बाबतीत ते बरोबर होते असे माझे मत आहे. १९६९ साली जबलपूरला खास वाहन कारखाना उभा राहिला आणि शक्तिमानचे उत्पादन १९९६ पर्यंत चालले. सदतीस वर्षे एकच गाडी! शहरातल्या माणसाला हा मागासलेपणा वाटेल. मिस्त्रीला विचारा. सदतीस वर्षांत बापाने शिकलेले मुलाच्या कामी आले, कोणत्याही छावणीत कोणताही भाग मिळाला आणि काळोखात हाताने चाचपून नट ओळखता आला. दुरुस्तीची सोय ही गाडीचीच एक शक्ती आहे, ती अश्वशक्तीच्या आकड्यात लिहिलेली नसते इतकेच.

आता प्रत्यक्ष निगेकडे वळतो. पूर्वी सैन्यात दुरुस्तीचे बरेचसे काम भांडार सांभाळणाऱ्या आयुध खात्याकडेच होते. माल सांभाळणे आणि यंत्र जिवंत ठेवणे हे दोन निराळे धंदे आहेत, हे महायुद्धाने शिकवले. इंग्रज सैन्याने १९४२ साली दुरुस्तीचे स्वतंत्र दल केले आणि आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९४३ रोजी तसे दल स्थापन झाले. त्यालाच आज ई.एम.ई. म्हणतात. त्याची रचना आपल्या आरोग्यव्यवस्थेसारखी आहे. पहिला वैद्य म्हणजे ड्रायव्हर आणि तुकडीचा स्वतःचा मिस्त्री. त्याच्या मागे आघाडीजवळची फिरती वर्कशॉपे, त्यांच्या मागे मोठी वर्कशॉपे आणि अगदी शेवटी ‘बेस वर्कशॉप’, जेथे गाडी किंवा तिचे यंत्र पूर्ण उकलून पुन्हा नव्यासारखे बांधतात. पुण्याजवळ खडकीला असे एक बेस वर्कशॉप आहे.

यांत सर्वांत मोलाचा माणूस पहिला, असे मी म्हणतो. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तो डिपस्टिक काढतो. तेल काळे असले तर ठीक, पण दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले, गाडी हलवायची नाही. हातोडीने चाकाच्या प्रत्येक नटाला टिचकी मारतो. घट्ट नट खणखणतो, सैल नट भद्द वाजतो. वाटेत थांबले की तळहाताची मागची बाजू चाकाच्या हबला लावून पाहतो. हब चटका देत असेल तर बेरिंग आवळले आहे किंवा ब्रेक धरून राहिला आहे. या कामाला ना यंत्र लागते ना पदवी. लागतात ती दहा मिनिटे, आणि ती दहा मिनिटे देण्याची मुभा. पुष्कळ गाड्या मरतात त्या याच दहा मिनिटांच्या काटकसरीने.

लष्करी ट्रक आपल्या बाजारातल्या ट्रकाहून निराळा असतो, कारण त्याची पुढची चाकेही ओढतात. ज्या चाकाला वळायचे आहे त्यालाच ताकदही द्यायची, म्हणून पुढच्या आसात जादा सांधे येतात आणि प्रत्येक सांध्यापाशी वंगण धरून ठेवणारे सील. गाडी नदीतून गेली की गरम आस थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी सीलमधून आत ओढले जाते. ते होऊ नये म्हणून आसावर श्वास घेण्याची एक बारीक नळी असते. तिचे तोंड चिखलाने बुजले की सीलचे काम संपले. बोटाएवढी नळी! ती साफ केली नाही म्हणून सबंध आस उतरवावा लागतो.

उंचीवर गेल्यावर आणखी गंमत. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश उरते. डिझेल तेवढेच आणि हवा कमी, म्हणून गाडी काळा धूर ओकते आणि चढावर दम टाकते. तेथे पाणी सत्त्याऐंशी अंशांच्या सुमारास उकळते, त्यामुळे रेडिएटरचे झाकण नीट दाब धरणारे नसेल तर पाणी उडून जाते. नव्या गाड्यांना हवा कोंबणारा टर्बो असतो, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. पण थंडीचे काय? थंडीत डिझेलमधले मेण गोठून गाळणी बुजते. उणे तेहतीस अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने लडाखला द्यायला सुरुवात केली ती २०१९ साली. त्याआधीच्या कित्येक हिवाळ्यांत ड्रायव्हर रात्री उठून गाड्या सुरू करून ठेवीत. आणि टाकीत तेल संपून नळीत हवा शिरली, म्हणजे आमच्या भाषेत गाडीने ‘एअर घेतली’, तर पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हाताने पंप मारायचा. अंधेरीत हे पाच मिनिटांचे काम आहे. तेथे हातमोजा काढला तर बोट पान्याला चिकटते.

जगाचे दोन दाखले सांगतो. १९४४ साली फ्रान्समध्ये अमेरिकन सैन्य इतक्या वेगाने पुढे गेले की मागून रसद पोचेना. तेव्हा २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ नावाची ट्रकांची अखंड रांग चालली. सुमारे सहा हजार गाड्या, आणि चालकांपैकी पाऊण हिस्सा काळ्या वर्णाचे जवान, ज्यांना त्यांच्याच सैन्यात गोऱ्यांच्या पंक्तीला बसता येत नव्हते. त्यांनी ते युद्ध ओढून नेले, पण गाड्यांवर क्षमतेबाहेर भार, विश्रांती नाही, निगा नाही. अखेरीस टायर आणि यंत्रे अक्षरशः झिजून गेली. दुसरा दाखला २०२२ चा. युक्रेनच्या चिखलात रुतलेल्या रशियन लष्करी गाड्यांची छायाचित्रे आपण पाहिली असतील, त्यांतल्या काहींचे टायर बाजूने फाटलेले होते. गाड्या वर्षानुवर्षे एकाच जागी उन्हात उभ्या ठेवल्याचा हा परिणाम असावा, असे काही जाणकारांचे मत पडले. एक गाडी अतिश्रमाने मेली, दुसरी आळसाने. उभी गाडीही महिन्यातून फिरवावी लागते हे हिशेबनिसाला पटवणे फार कठीण, कारण त्याच्या वहीत ते डिझेल ‘वाया’ गेलेले असते.

आता जे बोलण्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि एक्केचाळीस कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. जबलपूरचा वाहन कारखाना आणि आपल्या अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना एकाच कंपनीत गेले. त्याच वर्षी संरक्षण सेवांत संपबंदी करणारा कायदा आला, त्याची मुदत एका वर्षाची होती. ज्या संरक्षण कामगारांच्या महासंघाचे नेतृत्व एसेम जोशींनी केले, त्या महासंघाने या सर्वांस विरोध केला. निवृत्त लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीच्या अहवालानंतर बेस वर्कशॉपांसाठीही ‘मालकी सरकारची, कारभार कंत्राटदाराचा’ अशी योजना पुढे आली.

मी संघटनेचा माणूस, तेव्हा मी विरोधच करणार असे आपण धरून चालला असाल. पण दुसऱ्या बाजूचे म्हणणे खोटे नाही. सरकारी वर्कशॉपांत गाड्या ठरल्या मुदतीत बाहेर पडत नाहीत, सुट्या भागांची वाट पाहण्यात महिने जातात, हे महालेखापालांनी आपल्या अहवालांत लिहिले आहे. आमच्यातले काही भाऊ हजेरी लावून चहाला जातात, हेही मी नाकारणार नाही. तेव्हा सरकारी की खाजगी, या जुन्या भांडणात मला आज शिरायचे नाही. माझा प्रश्न लहान आहे. दुरुस्तीच्या वहीत सही कोणाची?

का विचारतो ते सांगतो. उपनगरातल्या एका कंत्राटदाराकडे आमची संघटना होती. नाव घेत नाही. तेथे जड गाड्यांची इंजिने पूर्ण उकलून बांधण्याचे काम चाले. मिस्त्री अकरा महिन्यांचे, बाराव्या महिन्यात नवे. वहीत सही करायचा अधिकार फक्त कायम सुपरवायझरला, आणि तो दिवसभर फोनवर. एक इंजिन बांधून गेले आणि थोड्याच दिवसांत परत आले. आतले बेरिंग जळालेले. बोल्ट ठरल्या मापाने आवळला गेला नव्हता हे उघड होते. कोणी आवळला होता? वहीवर सुपरवायझरची सही. ज्या पोराने आवळला तो तीन दिवसांपूर्वी आलेला होता आणि इंजिन परत आले तेव्हा गावी निघून गेला होता. त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि चूक झाली हे त्याला कधी कळलेही नाही. म्हणजे ती चूक कोणाच्याच हाताला शहाणपण देऊन गेली नाही. माझ्या मते त्या कारखान्याचा खरा तोटा हा होता. जळालेले बेरिंग काय, बदलता येते.

जुन्या वर्कशॉपात मिस्त्री स्वतःच्या हाताने सही करी. गाडी परत आली की त्याच्याच पुढ्यात उभी राही. त्याला लाज वाटे, चिडचिड होई आणि पुढच्या वेळी त्याचा हात सुधारे. एकाच बाकावर वीस वर्षे बसलेल्या माणसाला यंत्राचा आवाज ऐकून दुखणे कळते, ते यातूनच. कंत्राट वाईट आहे असे सरसकट मी म्हणत नाही. अकरा महिन्यांचे कंत्राट मात्र या विद्येचे मूळच कापते.

त्यात नव्या गाड्यांत संगणक आला. दोष कोठे आहे हे आता मिस्त्रीचा कान सांगत नाही, कंपनीचे यंत्र सांगते, आणि त्या यंत्राची किल्ली कंपनीकडे असते. शहरात हे चालून जाते. परंतु घाटात, जेथे फोन लागत नाही, तेथे ड्रायव्हरने काय करावे? गाडी विकत घेताना किमतीबरोबर तिच्या दुरुस्तीची सारी माहिती, हत्यारे आणि ती उघडण्याचा हक्कही विकत घेतला पाहिजे. १९५९ साली परवाना घेताना आपण गाडी बांधण्याची विद्या मागून घेतली. आज दुरुस्तीची मागून घ्यायला अडचण कसली?

आपल्या भागातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. पोरे हुशार आहेत, मी त्यांच्यात जात असतो. एका वर्षात त्यांना पाना धरता येतो. पुढची उमेदवारी १९६१ च्या कायद्याप्रमाणे कारखान्याने द्यायची असते, आणि तेथे पुष्कळ ठिकाणी त्यांच्या हाती झाडू येतो. आमच्या संघटनेने दोन ठिकाणी एवढेच मान्य करून घेतले आहे की उमेदवाराने केलेल्या कामाखाली उमेदवाराची सही असेल, शेजारी शिकवणाऱ्या मिस्त्रीची असेल आणि गाडी परत आली तर दोघांनाही बोलावले जाईल. व्यवस्थापनाने पहिल्या बैठकीत विचारले, यात पगारवाढीची मागणी कोठे आहे? म्हटले, ती पुढच्या कागदावर आहे, आधी हा वाचा.