मोबाइल बोलतो, प्रश्नपत्रिका बोलत नाही



देगलूर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत दृष्टिहीन मूल दाखल झालं की पहिला प्रश्न वर्गशिक्षकांना पडतो, याला शिकवायचं कसं? गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्याकडे शाळा अनेक. रोज ते कुठून येणार? उरलेले दिवस मूल आणि गुरुजी.

त्या दिवसांसाठी लागणारं साधन बऱ्याच घरांत आधीच आहे, साधा अँड्रॉइड मोबाइल. सेटिंगमध्ये जाऊन ‘टॉकबॅक’ सुरू करायचं. बोट जिथे फिरेल तिथलं फोन बोलून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. सरावलेली मुलं आवाजाचा वेग इतका वाढवतात की आपल्याला शब्द कळत नाही! एका कानात इअरफोन, दुसरा कान गुरुजींकडे. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली त्याची सुरुवात केली. हा प्रोग्राम आजही फुकट मिळतो, मराठी वाचतो, आणि आपल्या सीमेवरच्या तालुक्याला उपयोगी म्हणजे तेलुगू, कन्नडही वाचतो.

घोडं पेंड खातं ते पुढे. चाचणीचा पेपर डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन येतो. त्या फॉन्टमध्ये दिसायला ‘क’ असतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. डोळ्यांना मराठी दिसते आणि फोन मात्र भलतंच काहीतरी बडबडतो. कागदाचा फोटो काढून पाठवला तर काही वेळा तेवढंही नाही. हाच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला की फोन तो सरळ वाचतो. यासाठी निधी लागत नाही, प्रस्ताव लागत नाही. मोबाइलवर व्हॉट्सॲपचा मराठी निरोप आपण टाइप करतो, तो युनिकोडच असतो.

गणिताचं मात्र फोनवर भागत नाही. अपूर्णांक, वर्गमूळ चित्र म्हणून चिकटवलेलं असलं की यंत्र अडतं. तिथे जुनी टेलर पाटीच बरी. अष्टकोनी भोकात खिळा फिरवून बसवला की अंक बदलतो आणि बोटांना तो कळतो. ब्रेलही सोडू नये. नुसतं ऐकून शुद्धलेखन येत नाही, हे माझं ठाम मत.

पालकांसाठी एक गोष्ट. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि योग्य साधनं मोफत देण्याची तरतूद २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. लेखी परीक्षेत लेखनिक घेता येतो, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळावा असे केंद्राचे निर्देश आहेत. प्रमाणपत्र मात्र वेळेत काढून ठेवा, परीक्षेच्या तोंडावर धावपळ नको.

आणि गुरुजी, बाई, पुढच्या घटक चाचणीचा पेपर युनिकोडमध्ये करून घ्या. मुलाच्या हाती देण्याआधी तो एकदा स्वतःच्या फोनवर, डोळे मिटून ऐका.