न शिवता मोजलेली थरथर

रडार म्हटलं की आपल्याला विमानं आणि ढग आठवतात. पण कारखान्यातल्या यंत्राची थरथर टिपून टूल किती झिजलं आहे हे ओळखण्यासाठीही संशोधक आता रडार अजमावत आहेत.

टूलची धार गेली की आवाज बदलतो, हे कोणताही जुना टर्नर सांगेल. बोथट टूल कापण्याऐवजी घासू लागतं आणि जॉबचा गुळगुळीतपणा जातो. टूल लवकर बदललं तर पैसे वाया जातात. उशीर केला तर तयार होत आलेला जॉब भंगारात. वेग वाढवला की टूलचं आयुष्य किती घटतं, याचं गणित अमेरिकेच्या फ्रेडरिक टेलरनं १९०६ साली मांडलं. पण तो झाला अंदाज. एकाच डबीतली दोन टूल्स सारखी टिकत नाहीत.

यंत्राला चिकटवलेला कंपनमापक उपयोगी असतो. पण फिरत्या भागावर तो बसवणं अवघड. लेझरच्या वाटेत तेलाचं धुकं येतं. रडारच्या लहरी या धुक्यातून पार होतात. मोटारींत वापरतात त्या ७७ गिगाहर्ट्झ रडारची लहर सुमारे ४ मिलिमीटर लांबीची असते. समोरचा भाग अवघे १० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी हलला, तरी परतणाऱ्या लहरीची कला जवळजवळ दोन अंशांनी बदलते. हा बदल मोजता येतो. मिनिटाला ३००० फेरे घेणारा चार दातांचा कटर सेकंदाला २०० ठोके देतो. त्यातला एक दात झिजला की ठोक्यांची लय बिघडते.

मात्र यंत्राच्या पोलादी भिंतींवरूनही लहरी परततात आणि पाणीमिश्रित कूलंट त्या शोषून घेतं. शिवाय सैल बेअरिंग किंवा नीट न पकडलेला जॉबही थरथरतोच. रडार थरथर सांगतं, कारण सांगत नाही.

म्हणून माझं कारखानदारांना सांगणं आहे, उपकरणाआधी वही घ्या. उतरवलेल्या प्रत्येक टूलची झीज सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, ०.३ मिलिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. ऑपरेटरनं ते टूल का उतरवलं, हेही शेजारी लिहा. या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय रडारच्या आकड्यांना अर्थ येणार नाही. आणि हे काम लांबणीवर टाकू नका. जाणकार ऑपरेटर निवृत्त झाला की त्याचा कानही त्याच्याबरोबर घरी जातो.