बाळंतिणीचा खाडा कोणाच्या नावावर?

(धाराशिव येथे कार्यकर्ते आणि नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खंडेनवमीला या जिल्ह्यात घरोघरी अवजारे पुजली जातात. शेतकऱ्याचे औत, सुताराचा वाकस, गवंड्याची थापी, आणि भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतील कितीतरी घरांत त्यांच्या शेजारी ऊसतोडीचा कोयता. त्यालाही हळदीकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. तुळजापूरची कोजागरीची गर्दी ओसरली आणि दिवाळीचे दिवे विझले की वस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, गोधड्या, ज्वारीचे पोते, एखादी शेळी आणि कडेवरची मुले असा सारा संसार त्यात चढतो. हजारो कुटुंबे सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे येथील किंवा सीमेपलीकडच्या बेळगावच्या उसाच्या फडांकडे निघून जातात. गावात उरतात ती म्हातारी माणसे.

नवजात बालकाच्या माता-पित्यांना मालकाने पगारी रजा द्यावी काय, हा आजचा विषय. तो ऐकताच डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईची कार्यालये येतात. संगणकासमोर बसलेली तरुणी, रजेचा अर्ज, त्यावर कपाळाला आठी घालणारा अधिकारी. ते चित्र खोटे नाही. परंतु धाराशिव जिल्ह्यात बसून या विषयाचा विचार करायचा, तर आरंभ कोयत्यापासूनच करावा लागतो.

तोडीच्या व्यवहारात 'कोयता' हे केवळ अवजाराचे नाव नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम उचल देतो ती या जोडीला. पुरुषाने ऊस तोडायचा, स्त्रीने पाचट काढून मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायच्या, अशी साधारण वाटणी. उचल हंगामापूर्वीच लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपलेली असते. पुढचे पाच-सहा महिने ती अंगमेहनतीने फेडायची. एखादा दिवस काम चुकले की त्याला म्हणतात 'खाडा'. खाड्याच्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, शिवाय दंडाची रक्कम अंगावर चढते. ताप आला तरी खाडा, मयतीला गेले तरी खाडा आणि बाई बाळंत झाली तरी खाडाच. मुकादमाची वही त्यांत भेद करीत नाही.

कार्यालयातील स्त्रीपुढे प्रश्न असतो तो पगारी रजा की बिनपगारी रजा, एवढाच. फडातील स्त्रीची रजा दंडाची असते. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहणाऱ्या, कोपीवर बाळंत होणाऱ्या आणि थोड्याच दिवसांत तान्ह्याला उसाच्या बांधावर झोळीत निजवून पुन्हा फडात उतरणाऱ्या स्त्रिया या भागाने पिढ्यान्पिढ्या पाहिल्या आहेत. पाहता पाहता समाजाला त्याची सवय झाली. बातमी झाली ती अधिक भयंकर गोष्टीची. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये शासनाच्या समितीपुढे 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यांतील 13,861 स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे खाडाच होता असे म्हणता येणार नाही. परंतु पाळीच्या चार दिवसांचाही खाडा परवडत नाही, हे कारण स्त्रियांनी पुन:पुन्हा सांगितले. ज्या व्यवहारात गर्भाशय हीच अडचण ठरते, त्यात बाळंतपणाला किती जागा असणार? पुढे 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांविषयीच्या वृत्ताची स्वत:हून दखल घेतली, तेव्हा या जिल्ह्याचे नावही त्यात होते.

येथे कोणी म्हणेल, ही रजा वगैरे पाश्चात्त्य कल्पना आहे. आपल्याकडे कुटुंब होते, माहेर होते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. पहिलटकरीण माहेरी येत असे. पाचवीची पूजा होई, सटवाईचे स्मरण होई, बाराव्या दिवशी पाळणा हले. सव्वा महिना बाळंतिणीने खोलीबाहेर पडायचे नाही. शेक-शेगडी, तेल-मालिश, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. आज त्यातील सोवळ्याओवळ्याचा भाग सोडून द्यावा. उरते ते काय? सव्वा महिन्याची भरपगारी रजा, आणि तिचा खर्च सोसणारे माहेर. आपल्या पूर्वजांनी रजा हा शब्द वापरला नाही, पण बाळंतपणाचा भार एकट्या बाईवर टाकू नये हे ते जाणून होते. मात्र हेही मान्य करावे लागेल की, हा सव्वा महिना ज्यांच्या कणगीत धान्य होते त्यांच्या लेकींचा होता. ज्या माहेरी आईच स्वत: दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात असे, तेथे लेकीला सव्वा महिना कोण बसवून खाऊ घालणार? आणि आज माहेरही सासरही दोन्ही फडावर असेल, तर जायचे कोठे?

कायद्याचा इतिहासही या महाराष्ट्रातूनच सुरू होतो. गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी मुंबई कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. मातेला प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. हा भार मुख्यत: सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले, परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा लाभ असतो, म्हणून त्यानेही त्याची काही किंमत मोजली पाहिजे, हा दुसरा. 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे तो येथवर पोहोचला नाही. परंतु बाबासाहेबांचे ते दोन मुद्दे आजही या विषयाच्या मुळाशी आहेत.

स्वातंत्र्यानंतर 1961 चा प्रसूती लाभ कायदा आला. 2017 मध्ये रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत याच तरतुदी सामावल्या आहेत. कारखाना, खाण, मळा आणि दहा किंवा अधिक माणसे असलेली दुकाने व आस्थापना यांना त्या लागू होतात. 'मळा' या शब्दाने फसू नये. कायद्याच्या भाषेत मळा म्हणजे चहा, कॉफी, रबर यांची लागवड. आसामच्या चहामळ्यात पाने खुडणाऱ्या स्त्रीला हा हक्क अनेक दशकांपूर्वी मिळाला, कारण तिचा मालक कोण हे कागदावर स्पष्ट आहे. उसाच्या फडात ते स्पष्ट नाही.

कोणी काम दिले असे विचारले, तर कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी तर कमिशनवर जगणारा माणूस. ज्याच्या रानात ऊस उभा आहे तो शेतकरी म्हणतो, तोडणीचा खर्च माझ्याच बिलातून वळता होतो, आता आणखी काय द्यायचे? चौघांचेही म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे असेल. दंड वसूल करताना मात्र मालक चटकन सापडतो.

दिल्ली महापालिकेने रस्त्याच्या कामावर हजेरीपटावर ठेवलेल्या रोजंदारीच्या स्त्रियांना प्रसूती रजा नाकारली होती. 8 मार्च 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती द्यावयास लावली. रोजंदारीवर असली तरी कष्टाचे काम करणारी गर्भवती ही गर्भवतीच आहे, हे या निकालाचे सार. त्या स्त्रिया डोक्यावरून खडी वाहत होत्या. मोळी वाहणाऱ्या स्त्रीचे ओझे त्याहून हलके नाही. फरक इतकाच की तिचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर नाही.

आता मालकांची बाजू. औद्योगिक वसाहतीत दहा-बारा माणसे घेऊन एखादा कारखाना चालवणारा तरुण उद्योजक आपल्यातीलच असतो. कर्ज काढून त्याने यंत्रे आणलेली असतात. 26 आठवड्यांचे वेतन त्याने एकट्याने द्यायचे आणि बदली माणसालाही पगार द्यायचा, असे म्हटल्यावर पुढच्या वेळी तो नवविवाहित मुलीला कामावर घेईल काय? तोंडाने काही बोलणार नाही, जागा भरली असे सांगेल. 1928 मध्येही विरोधकांनी हीच भीती बोलून दाखवली होती आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती, आजही नाही. म्हणून भार वाटून घेण्याची पद्धत हवी. ती आपल्या देशाला अपरिचित नाही. 1948 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के भरतो. बाळंतपण कोणत्याही कारखान्यातील स्त्रीचे असो, पैसे महामंडळ देते. तेथे स्त्रीला कामावर घेतल्याचा वेगळा भुर्दंड कोणा एका मालकावर पडत नाही.

हीच रीत फडाला लावता येईल काय? चौकट तयार आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ अस्तित्वात आहे आणि त्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे 10 रुपये द्यावेत, असे ठरलेले आहे. थोडा हिशेब करून पाहावा. चांगल्या हंगामात महाराष्ट्रात हजार लाख टनांहून अधिक ऊस गाळला जातो. 2021-22 मध्ये तर तो 1,300 लाख टनांवर गेला होता. हजार लाख टन धरले आणि टनामागे केवळ 5 रुपये बाळंतपणासाठी बाजूला काढले, तरी 50 कोटी रुपये होतात. जानेवारी 2024 च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला 366 रुपयांच्या घरात गेला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरले, तर स्त्रीच्या वाट्याला 366 रुपये येतात. बारा आठवड्यांचे झाले 30,744 रुपये. पन्नास कोटींत अशा सोळा हजारांहून अधिक बाळंतिणींना घरी बसवून मजुरी देता येईल. हा कच्चा हिशेब आहे. कोणी जाणकाराने तो तपासावा, दुरुस्त करावा. पैसा नाही, ही सबब मात्र त्यापुढे टिकत नाही.

पहिल्या अपत्यासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेतून 5,000 रुपये मिळतात. त्या योजनेचे मोल आहे, पण खाड्याच्या दंडापुढे ती रक्कम किती दिवस पुरणार? आणि पैसे कितीही दिले तरी वहीत दंड लिहिला जाणार असेल, तर ते एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे झाले. म्हणून पहिली गोष्ट, बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा लावता येणार नाही, असे तोडणीच्या करारातच लिहिले गेले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा यावा लागत नाही.

राहिला पित्याच्या रजेचा मुद्दा. यावर शहरात बरीच थट्टा चालते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, तर तो त्या काळात क्रिकेट पाहतो असे विनोद होतात. काही जण पाहतही असतील. परंतु कोयत्याच्या जगात विनोदाला जागा नाही, कारण तेथे जोडीतील एक थांबला की दुसऱ्याचेही काम थांबते. बायको कोपीवर पडून असेल तर मोळ्या कोण बांधणार? मग सासूला, नणंदेला, कधी बारा-तेरा वर्षांच्या मुलीला शाळेतून काढून फडात आणले जाते. एका बाळंतपणाची किंमत अशी दुसऱ्याच मुलीचे शिक्षण मोजते. माता आणि पिता या दोघांच्या रजेचा एकत्र विचार करण्याची सर्वाधिक गरज ज्याला 'प्रगत' म्हणतात त्या कार्यालयापेक्षा फडातच आहे.

येथे बसलेल्यांत शिक्षक आहेत, शासकीय कर्मचारी आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला 180 दिवसांची प्रसूती रजा मिळते, शिवाय बालसंगोपन रजेची सोय आहे. ती तिच्या हक्काची आहे. कोणी तिचा हेवा करू नये. परंतु ज्या शाळेत ती शिकवते, त्याच शाळेच्या पटावरील निम्मी मुले दिवाळीनंतर का दिसत नाहीत, हे तिच्याइतके जवळून कोण जाणते? आणि जिच्या हातात सकाळचा केर-पोतेरा सोपवून शहरातील सुना कामावर जातात, त्या बाईच्या बाळंतपणात तिचा पगार चालू ठेवणारी किती घरे निघतील? तेथे तर मालक शोधावा लागत नाही. दोन-तीन महिन्यांचा पगार, बाळाला एक दुपटे, आणि परत आल्यावर काम तिचेच राहील हा शब्द. त्यासाठी कोणत्या संहितेची वाट पाहायची?

कार्यकर्त्यांसाठी काम याहून थोडे मोठे आहे. दसऱ्यापूर्वी टोळ्या ठरतात, उचली वाटल्या जातात, तेव्हा मुकादम गावातच असतो. त्याच वेळी वस्तीवर जाऊन कोणत्या घरी दिवस गेलेली सून आहे, तिचे महिने कधी भरतात, तिचे नाव महामंडळाकडे आणि अंगणवाडीकडे नोंदले आहे की नाही, याची यादी करता येते. ती कागदावर आली की त्याच बैठकीत मुकादमाला विचारता येते: हिच्या दिवसांचा खाडा तुमच्या वहीत कोणाच्या नावावर लिहिणार?